टोपीवाले, फिरकीवाले आणि दुतोंडे

दिवाळीच्या खरेदीत माणूस कशाला किती वेळ देतो, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला दिसत नाही. मांडला तर मोठा करमणुकीचा होईल. साडीचा काठ पसंत करायला दीड तास, आकाशकंदिलाचा रंग ठरवायला पाऊण तास, पणत्यांच्या भावात घासाघीस करायला वीस मिनिटे. आणि ज्यात घरातल्या चार लग्नांचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, घराच्या कागदपत्रांच्या प्रती आणि आजीचा आवाज ठेवायचा, तो पेनड्राइव्ह घ्यायला एक मिनिट! तेही दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या. ‘‘बत्तीसचा आहे का? द्या एक.’’ कोणत्या बनावटीचा, झाकणाचा की बिनझाकणाचा, कसली म्हणून चौकशी नाही. आपण हिरव्या मिरच्यासुद्धा याहून निरखून घेतो.

आता मराठीच्या मास्तराने या काडीएवढ्या यंत्राच्या वाटेला का जावे, असे या सदराचा एखादा जुना वाचक विचारील. उत्तर सरळ आहे. अक्षर जिथे वस्तीला जाईल तिथे मराठीच्या मास्तराला जावेच लागते. ते कागदावर राहत होते तेव्हा आम्ही कसर, वाळवी आणि शाई यांची विचारपूस करत होतो. आता ते या डबीत राहायला आले आहे, तर डबीची विचारपूस नको का करायला?

या डबीचे वय फार नाही. तिच्या पोटातली ‘फ्लॅश’ स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. आजच्या पेनड्राइव्हमध्ये असते ती ‘नँड’ नावाची जात १९८७ सालची. या स्मृतीतला मोठा भाग एका दमात लख्खकन पुसला जातो, ते पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, आणि तेच नाव कायम झाले. हे झाले पोट. तोंड म्हणजे संगणकात खुपसायचा यूएसबीचा भाग. त्याची पहिली संहिता १९९६ ची. ती घडवणाऱ्या इंटेल कंपनीतल्या मंडळींत अजय भट्ट हे प्रमुख, आणि हे गृहस्थ मूळचे बडोद्याचे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. गायकवाडांचे बडोदे मराठी वाचकाला परके नाही, तेव्हा त्याने यात थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र हे तोंड पहिल्या खेपेला हटकून उलटेच लागते, अशी साऱ्या जगाची तक्रार आहे. दोन्ही बाजूंनी चालेल असे ते केले असते तर तारा वाढल्या असत्या आणि तारांबरोबर किंमतही. ती जोडणी स्वस्त राहिली म्हणून तर घरोघर पोचली. उलटसुलट कसेही चालणारे ‘टाइप-सी’ तोंड २०१४ साली आले. पोट आणि तोंड यांची गाठ पडली ती २००० साली. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थंबड्राइव्ह’ आणि इस्राएलच्या एम-सिस्टिम्स कंपनीचा ‘डिस्क-ऑन-की’ त्याच वर्षी बाजारात उतरले. दुसरा अमेरिकेत आयबीएमने विकायला घेतला. त्याची धारण क्षमता आठ मेगाबाइट.

आठ मेगाबाइट म्हणजे किती, ते आपल्या मापाने सांगतो. सध्या सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, तीन बाइट जागा अडवते. इंग्रजी अक्षराचे एका बाइटवर भागते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. एका ओवीत शंभर चिन्हे धरली, तर सगळा ग्रंथ सत्तावीस लाख बाइटांत आटोपतो. जुन्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत तो मावला नसता, दोन फ्लॉप्या लागल्या असत्या. त्या पहिल्या आठ मेगाबाइटच्या कांडीत तो दोनदा बसून वर जागा उरली असती. आता तुमच्या मोबाइलने काढलेला फराळाच्या ताटाचा फोटो पाहा. तो एकटा तीन-चार मेगाबाइट सहज खातो. म्हणजे चकल्यांच्या एका ताटात अख्खी ज्ञानेश्वरी! जागेची टंचाई संपली ती अशी. तेव्हा पेनड्राइव्ह निवडताना ‘केवढा’ हा प्रश्न आता शेवटचा. ‘कसा’ हा पहिला.

बाजारात दिसणाऱ्या पेनड्राइव्हांचे मी माझ्यापुरते वर्ग पाडले आहेत. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला वर्ग पाडल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिला वर्ग टोपीवाल्यांचा. हा सर्वांत जुन्या वळणाचा, सुसंस्कृत आणि विसरभोळा. टोपी घट्ट असेपर्यंत तोंडातल्या सोनेरी पट्ट्यांना धूळ लागत नाही, खिशातला दोरा अडकत नाही. पण टोपी आणि पेनड्राइव्ह यांचा संसार क्वचितच वर्षभर टिकतो. फौंटनपेनचे टोपण पेनच्या मागे बसे. इथे काहींनाच ती सोय असते. टोपीवाला घ्यायचाच असेल तर टोपी मागच्या बाजूला बसते का, एवढे पाहून घ्यावे.

दुसरा वर्ग फिरकीवाल्यांचा. एका खिळीभोवती फिरणारे पत्र्याचे आवरण, त्यावर कोणाचे तरी नाव कोरलेले. चर्चासत्रात, कंपनीच्या समारंभात, पिशवी आणि वहीबरोबर जो मिळतो तो बहुधा हाच. त्याचे काही हरवत नाही, हा गुण मोठा. पण आवरण दोन्ही बाजूंनी उघडे असते, त्यामुळे धूळ आत जायची ती जातेच. खिळी काही महिन्यांत सैल होते. आणि शेजारच्या भोकात माऊसची तार असेल तर हे आवरण तिला कोपर मारते.

तिसरा सरकत्यांचा. अंगठ्याने बटण पुढे सारले की तोंड बाहेर येते. हाताला चाळा म्हणून उत्तम. परंतु खटका झिजला की संगणकात खुपसताना तोंड मागे सरकते आणि पेनड्राइव्ह म्हणतो, ‘मी येत नाही.’ लहान मुलाला दवाखान्यात न्यावे, तसे त्याला मग मागून धरून ठेवावे लागते.

चौथा बोडक्यांचा. सॅनडिस्कचा तो काळा-लाल ‘क्रूझर ब्लेड’ कोणी पाहिला नाही? टोपी नाही, फिरकी नाही, हलणारा एकही भाग नाही. पट्ट्या उघड्या राहतात, हे खरे. पण जे हलत नाही ते मोडतही नाही. आखूड असल्याने त्याला धक्का कमी लागतो. हा गुण वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. लांब पेनड्राइव्हमध्ये तोंड आतल्या पट्टीला डाख देऊन जोडलेले असते. लॅपटॉपला लावून ठेवलेल्या अशा पेनड्राइव्हला कोणाचे कोपर लागले की तो सांधा निखळतो. काही आखूड बनावटींत सगळे एकाच ओतीव तुकड्यात असते, म्हणून ते सहसा मोडत नाहीत. मात्र बिघडले तर आतली माहिती परत काढणे कारागिराला फार अवघड जाते. सांधा असलेला मोडतो आणि दुरुस्त होऊ शकतो. बिनसांध्याचा मोडत नाही, पण गेला की गेला. कोणता घ्यावा, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर!

पाचवा धातूच्या अंगाचा, कडीसकट. किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो, पायाखाली आला तरी दबत नाही. काम करताना हाताला गरम लागतो. ते भ्यायचे कारण नाही, धातू आतली उष्णता बाहेर आणून देतो इतकेच. लावताना मात्र जुडगे सोडवून घ्यावे. पाच किल्ल्या लोंबकळत ठेवल्या तर त्यांचे ओझे त्या बिचाऱ्या तोंडावर येते.

सहावा खुजा. नखाएवढा. गाडीच्या रेडिओला किंवा टीव्हीला कायमचा लावून ठेवायला फार चांगला. खिशात ठेवायला फार वाईट. धुलाईयंत्रात सर्वांत जास्त आंघोळी यालाच घडत असाव्यात.

आणि सातवा दुतोंडा: एका बाजूला जुने चौकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला टाइप-सी. दुतोंडेपणा माणसात वाईट, इथे गुण आहे. फोनमधले फोटो संगणकावाचून थेट याच्यात उतरवता येतात. फोनला बाहेरचा पेनड्राइव्ह वाचता येतो ना, तेवढी खात्री आधी करावी. आजच्या कुटुंबात फोटो फोनमध्येच जन्मतात आणि बहुधा फोनबरोबरच मरतात. त्या घराने हा वर्ग अवश्य विचारात घ्यावा.

कोणत्याही वर्गातला असो, त्याच्या चौकोनी तोंडात एकदा डोकावून पाहा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील; कडेच्या दोन लांब, मधल्या दोन किंचित आखूड. लांब पट्ट्या विजेच्या, आखूड माहितीच्या. खुपसताना वीज आधी पोचते आणि बोलणे नंतर सुरू होते. ओढताना बोलणे आधी थांबते आणि वीज नंतर तुटते. पाहुण्याला आधी पाणी, मग विचारपूस, हा शिष्टाचार त्या बारीक पट्ट्यांतही पाळला आहे. आपण मात्र नकलण्याचे काम चालू असतानाच पेनड्राइव्ह उपटून काढतो. म्हणून दिवा असलेला पेनड्राइव्ह मला आवडतो. दिवा लुकलुकत असेपर्यंत हात लावू नये, हे सांगायला घरात मास्तर ठेवावा लागत नाही.

आता वेष्टनावरची भाषा. इथे ग्राहकाने जरा कान टवकारावेत.

वेगाचे पहिले. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. बिट म्हणजे बाइटाचा आठवा हिस्सा, तेव्हा कागदोपत्री हे ६० मेगाबाइट झाले. यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट. त्याच्या तोंडातली जीभ बहुधा निळी असते. याच ३.० चे पुढे ‘३.१ जेन १’ झाले आणि त्यानंतर ‘३.२ जेन १’. नाव दोनदा बदलले, माणूस तोच! तेव्हा आकडा वाढला म्हणून जास्त पैसे मोजू नका. शिवाय वेष्टनावर ठळक छापतात तो वाचण्याचा वेग. लिहिण्याचा वेग पुष्कळ कमी असतो आणि तो बारीक टाइपात असतो किंवा नसतोच. लग्नाचे २० गिगाबाइटचे चित्रण सेकंदाला १० मेगाबाइट या गतीने उतरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल. १०० मेगाबाइटच्या गतीने साडेतीन मिनिटांच्या आत काम होईल.

मग मापाचे. बत्तीसचा घेतला आणि संगणक २९.८ दाखवतो, म्हणून दुकानदाराशी भांडणारे सज्जन मी पाहिले आहेत. दुकानदार निर्दोष असतो. कंपनी एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरते. विंडोज प्रणाली १,०७,३७,४१,८२४ धरते. पक्क्या शेराचे आणि कच्च्या शेराचे जुने भांडण आहे हे. परंतु चारशे-पाचशे रुपयांत ‘दोन टेराबाइट’ मिळत असतील, तर तिथे मापाचा फरक नसून उघड लबाडी आहे. आत स्मृती थोडीच असते. तिच्यावर बसवलेला कारभारी संगणकाला खोटा आकडा सांगतो. तुम्ही भरत जाता, तो ‘घेतले, घेतले’ म्हणत जातो, आणि खरी जागा संपल्यावर पुढचे सगळे नाहीसे होते. नवा पेनड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून पाहणे, ही त्यावरची परीक्षा. तशी तपासणी करणारी मोफत साधनेही आहेत.

तिसरी गोष्ट मांडणीची. नव्या पेनड्राइव्हमध्ये पन्नास गिगाबाइट जागा मोकळी असूनही पाच गिगाबाइटचा चित्रपट ‘मावत नाही’ असे उत्तर येते, तेव्हा तो ‘फॅट-३२’ या जुन्या मांडणीचा असतो. त्या मांडणीत चार गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल बसत नाही. ‘एक्स-फॅट’ मांडणी केली की अडचण सुटते. मात्र काही जुने टीव्ही आणि गाडीतले रेडिओ ती ओळखत नाहीत. मांडणी बदलताना आतले सगळे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे.

चौथी कुलपाची. फ्लॉपीला कोपऱ्यात एक सरकती खिडकी असे. ती उघडली की कोणाला त्यात लिहिता येत नसे. तसे बटण असलेले पेनड्राइव्ह आजही निघतात, पण शोधावे लागतात. महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह देऊन परत आणला की फोल्डर गुप्त झालेले असतात आणि त्यांच्या जागी बाणांची चित्रे असतात, हा अनुभव आमच्या विद्यार्थ्यांना नेहमीचा आहे. त्यांच्यासाठी हे बटण म्हणजे अंगारा. त्यापुढची पायरी म्हणजे अंगावरच आकड्यांची कळपाटी असलेले पेनड्राइव्ह. किंग्स्टनच्या ‘आयर्नकी कीपॅड २००’ या बनावटीत परवलीचा आकडा ओळीने दहा वेळा चुकला की आतली माहिती कायमची निकामी होते. बँकेच्या किंवा वकिलाच्या कामाला हे ठीक आहे. घरच्या आठवणींना असले कुलूप लावण्यापूर्वी महानुभावांची आठवण ठेवावी. आपले ग्रंथ परक्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथ टिकले, पण संशोधकांनी ती किल्ली उलगडेपर्यंत शतकानुशतके मराठीतले ते अमोल गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसाला बंदच राहिले.

इथवर सगळे खरेदीचे झाले. खरा प्रश्न मला आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारला. आम्ही सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतो. त्यांच्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणत. २००९ साली बाईंनी त्या फोनवर मुद्रित केल्या. सासूबाई गेल्या, तो फोनही गेला; मुद्रणे राहिली ती एका फिरकीवाल्या पेनड्राइव्हमध्ये, कुठल्याशा समारंभात भेट मिळालेल्या. या भाऊबिजेला भावाला आणि घरच्या सगळ्यांना ती द्यावीत, असे बाईंच्या मनात होते. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, पैसे किती का पडेनात, शंभर वर्षे टिकेल असा कोणता पेनड्राइव्ह घेऊ ते सांगा.’’

‘‘बाई,’’ मी म्हटले, ‘‘तसा एकही नाही.’’

त्यांना हे उत्तर आवडले नाही, आणि ते साहजिकच होते. पण कारण समजून घेण्याजोगे आहे. पेनड्राइव्हमध्ये अक्षर कोरलेले नसते, कोंडलेले असते. अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार अडवून ठेवतात. त्याभोवती रोधक भिंत असते. कप्पा भरलेला की रिकामा, यावरून एक खूण ओळखायची, ही जुनी आणि महाग रीत. जागा वाचावी म्हणून पुढे एकाच कप्प्यात दोन, मग तीन, आता चार खुणा ठेवू लागले. रांजण भरलेला की रिकामा, हे अंधारात चाचपूनही कळते. परंतु तीन खुणांसाठी त्याच रांजणातल्या पाण्याच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, आणि चार खुणांसाठी सोळा. पाणी थोडे जरी झिरपले तरी वाचन चुकणार! भार झिरपतोच, आणि उकाड्यात अधिक लवकर. लिहिणे-पुसणे झाले की भिंतही दर वेळी थोडी थोडी झिजते. आत कोणती रीत आहे, हे वेष्टनावर बहुधा लिहिलेले नसते. हमीपत्र पाच वर्षांचे असो की दहा, त्यात नवा पेनड्राइव्ह मिळतो. सासूबाईंचा आवाज मिळत नाही.

बाईंचा फिरकीवाला आम्ही संगणकाला लावला. आधी नुसती प्रत करून घेतली. ऐकणे, बघणे, नावे बदलणे सगळे नंतर. एकूण एक्केचाळीस मुद्रणे. अडतीस उघडली. तीन उघडली नाहीत. बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘त्यातली एक दिवाळसणाची होती. पहिली ओळ येते मला. पुढची नाही.’’

त्याच पेनड्राइव्हमध्ये त्यांच्या पुतण्याने टंकून ठेवलेल्या काही ओव्याही सापडल्या. ती फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती भेळ! पेनड्राइव्ह धडधाकट, फाइल धडधाकट, आणि ओवी मुकी. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा निरनिराळ्या टंकांत लिहिला जाई. त्यात आतून साठवले जात ते इंग्रजीचेच संकेत, वरून अंगरखा तेवढा देवनागरीचा. तो टंक संगणकात नसेल तर अंगरखा गळतो. तुमच्या घरी १९९० नंतरच्या वीसेक वर्षांतले मराठी लेखन साठवलेले असेल, तर या दिवाळीत ते एकदा उघडून पाहाच. असा मजकूर युनिकोडात बदलून देणारी साधने आहेत. आम्ही तो बदलला, आणि हरवलेल्या तीन मुद्रणांपैकी एकातल्या ओव्या हाती लागल्या. दिवाळसणाची ओवी त्यात नव्हती. ती बाईंच्या सांगलीच्या नणंदेने फोनवर म्हणून दाखवली, आणि तीही कशी, तर बाईंना येत असलेल्या पहिल्या ओळीतच एक शब्द वेगळा! ‘‘आई असंच म्हणायची,’’ नणंद ठासून सांगू लागल्या. ‘‘छे, सासूबाई तसं म्हणत नसत,’’ बाई म्हणाल्या. आम्ही दोन्ही पाठ लिहून घेतले. तिसरे मुद्रण मात्र गेले ते गेले. त्यात काय होते, तेही कोणाला आठवत नाही.

ज्ञानदेवांच्या काळातली ज्ञानेश्वरीची मूळ पोथी आज आपल्याकडे नाही. आहेत त्या प्रती, आणि प्रतींच्या प्रती. नकलताना चुका शिरल्या, पाठ बदलले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ग्रंथ शुद्ध करून दिला. त्यांच्यापुढे प्रती होत्या म्हणून ते शक्य झाले. भूर्जपत्र टिकाऊ की कागद, ही शाई बरी की ती, याचा विचार जुन्या लोकांनीही केला असेल. पण ग्रंथ तरला तो गावोगाव बसून नकलणाऱ्या हातांमुळे. उत्तम पोथी एका पेटीत ठेवण्यापेक्षा साध्या पोथ्या चार घरांत ठेवणे शहाणपणाचे, हे त्यांना पेनड्राइव्ह न पाहताही ठाऊक होते.

बाईंनी शेवटी चार साधे पेनड्राइव्ह घेतले, नावाजलेल्या कंपन्यांचे, पण मुद्दाम वेगवेगळ्या बनावटींचे. एक बोडका घरच्या कपाटात, एक कडीचा सांगलीला, आणि दुतोंडे दोन: एक भावाला, एक परदेशी असलेल्या मुलाला. संगणकातली प्रत वेगळी. आणि ओव्या वहीत शाईने उतरवून काढल्या त्या आणखी वेगळ्या. महागाचा एक घेतला असता त्याहून खर्च काही फार झाला नाही.

जुन्या पेढ्यांवर अजूनही दिवाळीला नवी वही पुजतात. गेल्या वहीतली शिल्लक नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढतात, मग व्यवहार सुरू होतो. घरच्या पेनड्राइव्हांचेही तसेच करावे. पाडव्याला तासभर काढून जुने सगळे लावून पाहावे, उघडते आहे ना याची खात्री करावी, त्यावर साल घालावे आणि दर काही वर्षांनी सारे नव्यावर उतरवून घ्यावे. टोपी असो, फिरकी असो की दोन तोंडे असोत, पेनड्राइव्ह हा निरोप्या आहे. त्याच्या हाती निरोप द्यावा. घरची ठेव एकट्या त्याच्यावर सोपवू नये.